पुढच्या खोलीतलं बटण

१

एक मीटर बदलायला फार तर वीस मिनिटं लागतात. आधी दार वाजवायचं, घरात कोण आहे ते बघायचं, आपण काय करणार ते सांगायचं. मग अजिनाथभाऊ शिडी लावून खांबावर चढतात आणि त्या घराकडे येणारी वायर सोडवतात. खाली मी हातमोजे घालून टेस्टर लावते, एकदा नाही, तीनदा. मग जुनं मीटर उतरवायचं, नवं स्मार्ट मीटर बसवायचं, सील मारायचं, फोटो काढायचा आणि पुढचं घर.

मी शिवकन्या. केजला आयटीआय केलं, वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. गेलं दीड वर्ष या कामावर आहे. अजिनाथभाऊ माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. खांबावरचं सगळं काम त्यांचं, खालचं माझं. गावात गेलं की लोक आधी त्यांच्याशीच बोलतात आणि मी पेचकस काढला की गप्प होऊन बघत राहतात.

टेस्टर तीनदा लावायची सवय मला सुरजमुळे लागली. सुरज आमच्याच टोळीत होता. पावसाळ्यात एका घरी त्यानं खांबावरची वायर सोडवून घेतली, एकदा टेस्टर लावला आणि हात घातला. त्या घरातला इन्व्हर्टर कुणीतरी उलटासुलटा जोडलेला होता. आतून करंट परत आला. रिटर्न करंट म्हणतात त्याला. सुरज वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. त्या दिवशी त्याच्या शेजारी मी उभी होते.

म्हणून सांगते, मी घाईत काम करणारी बाई नाही. आणि चिंचदऱ्याला जे झालं ते मी नीट बघितलं. बघूनही मला ते सांगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

२

चिंचदरा धारूरच्या डोंगराच्या कडेला आहे. जानेवारीचा शुक्रवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चांगलं वर आलं होतं. गावातली निम्मी घरं बंद होती. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मीटर ओसरीतच, बाहेरच्या भिंतीवर असतं. त्यामुळे कुलूप असलं तरी काम होतं. फक्त घरमालकाला फोन करून सांगावं लागतं.

आमच्या यादीत त्या घराच्या पुढे नाव होतं सुंदरराव, आणि नंबर होता त्यांच्या मुलाचा, धर्मराजचा. मी फोन लावला. पलीकडून बैलांच्या घुंगरांचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

"धर्मराजभाऊ, तुमच्या घराचं मीटर बदलतोय आम्ही. घरात कोणी आहे का?"

"न्हाई ताई, कोणीच न्हाई. आमी दोघं हिकडं कोल्हापूरकडं हाव. आई माज्या बहिनीकडं युसूफवडगावला गेलीया. तुमी बदला बिनधास्त."

"घरात इन्व्हर्टर, बॅटरी असं काही?"

तो हसला. "कुठला इन्व्हर्टर ताई? तीन बल्ब अन् एक फॅन हाय. त्यातला पुढच्या खोलीतला बल्ब बी काढून आनलाय मी, हितं कोपीवर, आमच्या झोपडीत लावायला."

पुढच्या दाराला मोठं पितळी कुलूप होतं. अजिनाथभाऊ खांबावर चढले. वरून त्यांनी वायर सोडवली, तिचं टोक मला दाखवलं आणि टेप मारून मोकळं सोडलं. मी टेस्टर लावला. दिवा नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. काहीच नाही. मल्टिमीटर लावला, त्यावर शून्य.

मी पेचकस टेकवला आणि तेवढ्यात मीटरवरचा लाल दिवा लुकलुकला.

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. घरात वीज वापरली जात असेल तरच तो लुकलुकतो. पंखा, बल्ब, काहीतरी चालू असावं लागतं आणि मुख्य म्हणजे खांबावरून वीज यावी लागते. इथे दोन्ही नव्हतं.

मी हात मागे घेतला. दिवा परत लुकलुकला. मग थोडा वेळ गेला आणि परत.

"भाऊ, वायर सुटलीय ना नक्की?"

"सुटलीय की. हे काय, दिसतीय ना तुला बी." ते शिडीवरूनच म्हणाले. "कावून?"

"खाली या जरा."

३

अजिनाथभाऊ खाली आले, वाकून बघितलं. दिवा लुकलुकला.

"शेजारच्यानं आकडा टाकला असंल मागून," ते म्हणाले.

हे मलाही पटलं. शेजारच्या घरातून चोरून वायर घेतलेली असली तर करंट आतून येऊ शकतो. पण मग मल्टिमीटरवर काहीतरी दिसायला हवं. मी मीटरच्या दोन्ही बाजू परत तपासल्या. येणारी बाजू शून्य, जाणारी बाजू शून्य. आणि मल्टिमीटरची दोन्ही टोकं तिथेच टेकलेली असताना, माझ्या डोळ्यांदेखत, दिवा लुकलुकला. आकडा शून्यावरून हलला नाही.

मी अजिनाथभाऊंना शेजारच्या तीन घरांच्या वायरीही सोडवायला लावल्या. ते कुरकुरले, पण सुरजचा हात त्यांनीही बघितलेला होता. त्यांनी तिन्ही सोडवल्या. त्या ओळीत आता वीजच नव्हती.

दिवा लुकलुकला.

आणि आता पंखे, टीव्ही, सगळं बंद झाल्यामुळे गल्लीत शांतता झाली होती. त्या शांततेत मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

टक.

आतून आला. जाड भिंतीपलीकडून, बारीक पण स्पष्ट. आमचा हा रोजचा आवाज आहे, तो मी झोपेतही ओळखीन. बटण दाबल्याचा आवाज.

टक झालं की दिवा लुकलुकत होता. मग मी मनात दहा-बारा आकडे मोजेपर्यंत काही नाही. मग परत टक.

"उंदीर," अजिनाथभाऊ म्हणाले.

"उंदीर असा मोजून मापून आवाज करतो का?"

"मग मीटरच खराब असंल बे हे." बोलून झाल्यावर त्यांना आपण कुणाशी बोलतोय ते कळलं आणि ते ओशाळले. घाबरले की ते मला गडी समजून बोलतात.

मीटर खराब असू शकतं, हे खरं होतं. त्याची खात्री करायचा एकच मार्ग होता. मी चारही वायरी सोडवल्या, एकेकीच्या टोकाला टेप गुंडाळला, स्क्रू काढले आणि मीटर भिंतीवरून उतरवून हातात घेतलं. आता ते कशालाच जोडलेलं नव्हतं. प्लास्टिकचा एक जुना डबा, तळहातावर मावणारा, धुळीनं माखलेला.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

टक.

माझ्या हातात लाल दिवा लुकलुकला.

४

मीटर मी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवलं. टाकलं म्हटलं तरी चालेल.

वीज गेली म्हणून शेजारच्या छबुबाई बाहेर आल्या. साठीच्या असतील. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "कवा येनार लाईट? आमच्याकडं ते नवं मीटर नगं बरं का. लई पळतंय म्हनत्यात."

"मावशी, या घरात कोण आहे?"

"कोणी न्हाई. पोरगं गेलंय तोडीला. भिवराबाई गेलीया लेकीकडं. कुलूप दिसंना का?"

"तुम्ही त्यांना जाताना बघितलं?"

छबुबाई थांबल्या. "न्हाई. मी रानात गेलते. आले तर कुलूप होतं. बुधवारी."

मी आमच्या साहेबांना फोन लावला. मी मीटरचं काही बोलले नाही. काय बोलणार होते? एवढंच सांगितलं की बंद घरातून आवाज येतोय. साहेब म्हणाले, "दार बंद असं लिही आणि पुढं चल. कुणाच्या कुलपाला हात लावू नकोस. उद्या काही हरवलं तर नाव आपलं येईल." चुकीचं काही बोलत नव्हते ते.

अजिनाथभाऊंनी तर शिडी खांद्यावर घेतलीच होती. "चल ताई. आपल्याला न्हाई कळत हे. जुनं मीटर परत लाव, वायर जोडतो, अन् निघू."

खरं सांगते, मला निघायचंच होतं. पाय अक्षरशः गल्लीच्या तोंडाकडे वळले होते. अशा वेळी माणूस स्वतःला पटवून देतो. शिल्लक राहिलेला करंट असेल, काहीतरी बिघाड असेल, आपण काय इंजिनियर आहोत का? मी हे सगळं स्वतःला सांगत होते आणि आतून तो आवाज येत होता. मघापेक्षा सावकाश येत होता. आधी दहा-बारा आकडे मोजून व्हायचे, आता वीस झाले तरी येत नव्हता. कुणीतरी दमत चाललं होतं.

कशामुळे ते माहीत नाही, पण त्या दमण्यानंच मला थांबवलं.

"मावशी, भिवराबाईंच्या लेकीचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

होता. मुलीचं नाव मंजुषा. तिनं दुसऱ्याच रिंगला उचलला. मी छबुबाईंकडे फोन दिला आणि आवाज मोठा केला.

"मंजू, तुझ्या आईला दे गं जरा."

"आईला?" पलीकडून ती म्हणाली. "मावशी, आई हिकडं न्हाई आली. बुधवारी येते म्हनली होती. मग फोनच लागंना. मला वाटलं दादानं तिकडं नेली असंल संगं."

छबुबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि कुलपाकडे बघितलं. आज शुक्रवार होता.

५

मी ओसरीतल्या खिडकीपाशी गेले. लाकडी झडपा आतून बंद होत्या, पण दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट होती. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. मी दोन्ही हातांनी उजेड अडवला आणि फटीला डोळा लावला.

आधी काही दिसलं नाही. मग हळूहळू खोली दिसायला लागली. शेणानं सारवलेली जमीन. रिकामी पोती, घडी घालून ठेवलेली. भिंतीला उभी लावलेली बाज. छताला लोंबणारा रिकामा होल्डर. समोरच्या भिंतीवर काळा बोर्ड आणि त्यावर तीन बटणं. बोर्डाशेजारी खुंटीला एक पांढरा शर्ट अडकवलेला, त्याची बाही खाली लोंबत होती.

खोलीत कुणी नव्हतं. मी श्वास सोडला.

टक.

मधलं बटण खाली गेलं. मी बघत होते. ते माझ्यासमोर खाली गेलं.

मग मला दिसलं, की बाही खाली लोंबत नव्हती. ती कोपरात वाकून बोर्डाकडे गेलेली होती. आणि बाहीच्या टोकाला हात होता. म्हाताऱ्या गड्याचा हात, सुकलेला, शिरा वर आलेल्या. अंगठा बटणावर टेकलेला. बाहीच्या मागे बाजेची सावली होती, त्यामुळे कोपराच्या पलीकडे मला काही दिसलं नाही. तिथे काही होतं का, तेही मी सांगू शकणार नाही.

अंगठा वर सरकला. बटण वर झालं. थोडा वेळ तो तसाच थरथरत राहिला, जड ओझं उचलून दम खाणाऱ्या माणसाचा हात थरथरतो तसा. मग परत दाबायला निघाला.

मी ओरडले नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "कोण आहे?"

हात थांबला. आणि मग अगदी सावकाश त्यानं बोर्ड सोडला आणि बाजूला, आतल्या खोलीच्या दाराकडे वळला. बोटं त्या दाराकडे करून तसाच राहिला.

मी खिडकीपासून मागे आले ती ओसरीच्या खांबाला धडकले. अजिनाथभाऊंनी मला बाजूला केलं आणि फटीला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"कोणी न्हाई गं," ते म्हणाले. "शर्ट हाय नुसता, खुंटीला."

"कुठल्या बाजूला?"

"बोर्डाच्या शेजारी. का?"

आवाज थांबला होता. कट्ट्यावरच्या मीटरकडे मी बघितलं. दिवा बंद होता.

"दार फोडायचं," मी म्हणाले. "आत्ता."

६

धर्मराजला परत फोन लावला. मी वाक्य पूर्ण करायच्या आधीच तो म्हणाला, "फोडा ताई. पुढचं, मागचं, कंचं बी फोडा."

छबुबाईंनी आम्हाला घराला वळसा घालून परसात नेलं. मागचं दार जुनं होतं, फळी कुजलेली. ते आतून लावलेलं होतं. म्हणजे आत माणूस होतं. हे कळल्यावर छबुबाईंनी तोंडावर पदर घेतला. दोन दिवस बंद घरात काय सापडतं, हे आम्हा तिघांच्याही मनात होतं. पुढच्या दारानं जावं लागलं नाही याचं मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

अजिनाथभाऊंनी खांदा दिला. पहिल्या धक्क्याला काही झालं नाही. दुसऱ्याला कडी, बिजागरं सगळं उखडलं आणि दार आत पडलं.

मी टॉर्च लावून आत गेले. परसाकडची चूल, भांडी, त्यापुढे आतली खोली. धान्याच्या कणग्या आणि त्यांच्यामध्ये जमिनीवर एक बाई पडलेली. हिरवं लुगडं, एक पाय विचित्र वळलेला. डोळे मिटलेले. तोंडाजवळ पाण्याची बाटली आडवी पडलेली होती, रिकामी.

मी गुडघ्यावर बसले. हातमोजे काढायचं सुचेना. मग ते दातांनी ओढून काढले आणि तिच्या गळ्याला बोटं लावली. बोटांखाली माझीच धडधड होती की तिची, ते समजत नव्हतं.

"आजी," मी म्हणाले. "भिवरा आजी."

तिनं डोळे उघडले. टॉर्चच्या उजेडात मिचकावले. ओठ सुकून फुटले होते. आवाज नुसता फुंकरीसारखा आला.

"किती उशीर केला गं," ती म्हणाली.

छबुबाई मटकन खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. अजिनाथभाऊ दारात उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. मला रडू आलं नाही. मला हसू आलं, आणि ते थांबेना. तिचा हात मी धरला होता. तो थंड होता, पण त्यानं माझं बोट घट्ट धरलं होतं.

७

रुग्णवाहिका घाट चढून यायला पाऊण तास लागला. तोवर आम्ही तिला हलवलं नाही. चमच्या चमच्यानं पाणी दिलं. छबुबाईंनी घरून गोधडी आणली. तरी ती कुडकुडत होती, म्हणून मी अजिनाथभाऊंना म्हणाले, "पुढच्या खोलीतला तो शर्ट आणा. पायाला गुंडाळू."

ते गेले. लगेच परत आले, रिकाम्या हातानं. भिंतीला टेकून उभे राहिले.

"मिळाला नाही?"

"शर्ट न्हाई," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "खुंटीच न्हाई तिथं, ताई."

भिवराबाईला सगळं आठवत होतं. बुधवारी सकाळी तिनं पुढच्या दाराला कुलूप लावलं, वळसा घालून मागून आत आली. लेकीसाठी हुलग्याची पिशवी काढायची राहिली होती. वानरं आत घुसतात म्हणून सवयीनं मागची कडी घातली. कणगीपाशी पाय सरकला आणि कमरेतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मोबाईल पिशवीत, पिशवी चुलीपाशी. तिथपर्यंत जाता येईना. हाका मारल्या, पण परसाकडे रानच आहे, ऐकणार कोण? वाटेसाठी भरून घेतलेली पाण्याची बाटली तेवढी हातात होती.

"दोन रात्री अंधारात काढल्यास तू," छबुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भ्या न्हाई वाटलं का गं?"

"अंधार कुठला?" भिवराबाई म्हणाली. "पुढच्या खोलीत दिवा व्हता की. कोणतरी लावायचं, इझवायचं, परत लावायचं. दाराखालून उजेड यायचा. मला वाटलं धर्मा आला. हाका मारल्या तर वो देईना. पन हाय कोणतरी, असं वाटायचं. मग झोप लागायची."

मी अजिनाथभाऊंकडे बघितलं नाही. पुढच्या खोलीत बल्ब नव्हता. मी स्वतः रिकामा होल्डर बघितला होता आणि धर्मराजनं तो काढून नेल्याचं सांगितलं होतं. तिला ते सांगायची गरज मला वाटली नाही.

"आजी," मी विचारलं, "सुंदरराव म्हणजे..."

"मालक माझे. नऊ वर्सं झाली जाऊन." तिनं डोळे मिटले. "कावून इचारतीस?"

"यादीत नाव आहे," मी म्हणाले. "मीटर त्यांच्या नावावर आहे अजून."

"मीटर त्यांनीच आनलं. गावात सगळ्यात आधी. लई हौस."

बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज आला आणि गल्लीतली सगळी पोरं त्या दिशेनं धावली.

८

अंबाजोगाईला नेऊन तिच्या खुब्याचं ऑपरेशन केलं. धर्मराज शनिवारी पहाटे पोचला, मंजुषा तर आदल्या दिवशीच आली होती. तिसऱ्या दिवशी मंजुषानं मला व्हिडीओ कॉल लावला. भिवराबाई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, कपाळावर बुक्का. चहात साखर कमी घातली म्हणून लेकीला बोलत होती. मला बघितल्यावर म्हणाली, "लग्न झालं का गं तुजं?" मी नाही म्हणाले. "घाई करू नगस," ती म्हणाली. मग अजिनाथभाऊंना बोलावून घेतलं आणि विचारलं, "माजं दार मोडलंस ते कोण बसवून देनार? वानरांनी घर धुऊन नेलं असंल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही चिंचदऱ्याला गेलो. अजिनाथभाऊंनी नवी कडी आणि बिजागरं स्वतः विकत आणली होती. वानरं काही आली नव्हती. छबुबाई दिवसभर दारात सूप घेऊन राखण करत बसायच्या.

भाऊ मागच्या दाराला रंधा मारत होते. मी हातात काही काम नसताना आत गेले. कणग्या ओलांडल्या. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी त्यासमोर बराच वेळ उभी राहिले, मग ढकललं.

खोलीत झडपांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आली होती. पोती होती. बाज होती. बोर्ड भिंतीवर होता. त्याच्या शेजारी भिंत कोरी होती, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. तिन्ही बटणांवर धुळीचा थर होता. मी जवळ जाऊन बघितलं. मधल्या बटणावरही होता, आणि त्याला कुणी बोट लावलेलं दिसत नव्हतं.

मी मागे सरकले. पण मी जे करायला आत आले होते ते केल्याशिवाय जाणार नव्हते.

"आजी बऱ्या आहेत," मी त्या रिकाम्या खोलीला सांगितलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "हाड बसवलंय. महिनाभरात उभ्या राहतील असं डॉक्टर म्हणाले. धर्मराजभाऊ आलेत, मंजुषाताई जवळच आहे. आता तुम्ही..."

थांबा म्हणायचं, की जा म्हणायचं, की बसा?

"आता काळजी नको," मी म्हणाले.

मी वाट बघितली. वीसपर्यंत मोजलं, मग पन्नासपर्यंत, मग शंभरपर्यंत. मागे अजिनाथभाऊंचा रंधा चालला होता. बाहेर छबुबाई कोंबड्यांना हाकलत होत्या. उन्हाच्या पट्टीत धूळ तरंगत होती आणि खोलीत काहीही झालं नाही.

इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि परसात आले.

"झालं का?" अजिनाथभाऊंनी मान वर न करता विचारलं.

"झालं," मी म्हणाले आणि कडी धरायला त्यांच्याजवळ बसले.